येथे नाग आहे

संगणकाचा इतिहास लिहिणारी मंडळी बहुधा थंड देशांत राहतात. त्यामुळे त्यांच्या ग्रंथांत कूलरचा उल्लेख सापडत नाही. आम्ही पडलो नागपूरकर. आमचा कुठलाही इतिहास, मग तो रघूजी भोसल्यांचा असो की युनिक्सचा, मे महिन्यातल्या उन्हाला वळसा घालून पुढे जाऊच शकत नाही. म्हणून १९९३ सालच्या नवतपात आमच्या कचेरीत जे घडलं, ते आज सेवानिवृत्तीनंतर, पेन्शनला धोका नाही याची खात्री करून घेऊन, लिहून ठेवतो आहे. कचेरीचं नाव सांगत नाही. धरमपेठेतून सायकलने निघालं तर घाम आल्याशिवाय तिथे पोचता येत नसे, एवढा पत्ता पुरे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस. पंचवीस मेच्या आसपास हे सुरू होतात. या दिवसांत नागपुरातला माणूस दुपारी कुणाला ओळख देत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला असतो, त्यामुळे दिली तरी ती कळत नाही.

पण मुळापासून सुरुवात करू. इतिहास म्हटलं की मुळापासून सुरुवात केलेली बरी. वाचक मध्येच उठून गेला तरी त्याच्या पदरात काहीतरी पडतं.

यंत्रापुढे बसून आधी आपलं नाव सांगायचं, मग गुपचूप एक परवलीचा शब्द सांगायचा, ही पद्धत १९६१ सालची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी सोय केली. एका घरात अनेक बिऱ्हाडं आली की कुलपं येतात, तसे तिथे पासवर्ड आले. आणि कुलपं आली की जे येतं तेही आलं. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या तिथल्याच एका संशोधक विद्यार्थ्याला यंत्रावरचा ठरवून दिलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली. परवलीचा शब्द जन्मला आणि बारशाआधीच चोरीला गेला म्हणा ना!

पुढे १९६९ साली बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. युनिक्सने प्रत्येक माणसाला एक स्वतःचं घर दिलं. त्याला होम डिरेक्टरी म्हणतात. पासवर्ड जुळला की यंत्र तुम्हाला तुमच्या घरात नेऊन सोडतं. सुरुवातीला ही घरं ‘यूएसआर’ नावाच्या भागात होती. यूएसआर म्हणजे यूजर. पण तिथे हळूहळू प्रोग्रामांनी गर्दी केली आणि माणसांना दुसरीकडे राहायला जावं लागलं. नाव मात्र तेच राहिलं. आमच्या कॉटन मार्केटात भाजी मिळते, त्यातलाच प्रकार.

यानंतर आली वर्कस्टेशनं. पूर्वी एका मोठ्या यंत्रात सगळ्यांची घरं असत. आता टेबलागणिक यंत्र आलं, आणि तुमचं घर ज्या यंत्रात त्या यंत्रावर दुसरा कुणी येऊन बसला की तुम्ही रस्त्यावर. या अडचणीवर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली उपाय जाहीर केला आणि पुढच्या वर्षी तो बाजारात आणला. त्याचं नाव नेटवर्क फाइल सिस्टिम, ऊर्फ एनएफएस. ही कंपनी १९८२ साली चौघांनी काढली. त्यातल्या विनोद खोसलांचा जन्म पुण्याचा. तेव्हा या विषयात पुण्याचा हात नाही, असं म्हणायची सोय राहिलेली नाही. कंपनीच्या नावाचा सूर्याशी मात्र काही संबंध नव्हता. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क, या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. आम्ही नागपूरकरांनी उगीचच तिच्याबद्दल जिव्हाळा बाळगला.

एनएफएस म्हणजे काय, हे नागपूरकराला समजावणं सोपं आहे. १९५३ साली नागपूर करार झाला आणि विधिमंडळाचं वर्षाला एक तरी अधिवेशन नागपुरात भरवायचं ठरलं. तेव्हा हिवाळ्यात सरकार इथे येतं. मंत्री येतात, सचिव येतात, गठ्ठे बांधून फायली येतात. सरकार बसलेलं असतं नागपुरात, पण त्याचं घर असतं मुंबईत. एखादा कागद मुंबईलाच राहिला असेल तर सभागृहात उत्तर मिळतं, “माहिती मागवण्यात येत आहे.” एनएफएसचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. तुम्ही कुठल्याही यंत्रावर बसा, तुमचं घर तारेवरून तिथे हजर होतं. आणि तारेपलीकडून उत्तर आलं नाही, तर माहिती मागवण्यात येत असते.

आमच्या कचेरीत तीन वर्कस्टेशनं, त्यांना जोडलेली बारा टर्मिनलं आणि सगळ्यांची घरं सांभाळणारा एक सर्व्हर होता. यंत्रांना नद्यांची नावं दिलेली. सर्व्हरचं नाव वैनगंगा. बाकीची कन्हान, पेंच आणि वर्धा. हे सगळं सांभाळायला एक पोरगा होता. पदनाम सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पगार कनिष्ठ लिपिकाच्या आसपास. झाडलोट, पाणी, चहा आणि टर्मिनलांवरची धूळ, ही खाती शिपाईमामांकडे. मामा अकरा वर्षं रोजंदारीवर होते. त्यांना कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात वर गेलेला होता. हा तपशील लक्षात ठेवा. मी तो त्या दिवशी दुपारपर्यंत विसरलो होतो.

तर सकाळी साडेदहा वाजता बारा माणसं बारा टर्मिनलांपुढे बसली. प्रत्येकाने नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला. सुप्रभातचा संदेश आला. आणि मग काहीही नाही. ज्याच्यापुढे आज्ञा लिहायच्या तो टक्क्याचा छोटासा चिन्हबाबा काही उगवेना. पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी एंटर बडवलं. पुढची पाच मिनिटं टर्मिनल बडवलं. त्यानंतर आम्ही भारतीय परंपरेप्रमाणे चहा मागवला आणि दोषी कोण याची चर्चा सुरू केली.

आमचे साहेब आले. साहेबांना संगणकातलं एकच कळत होतं, पण ते पक्कं कळत होतं. त्या काळी यंत्रं एकाच बारीक काळ्या वायरीने एकामागोमाग एक जोडलेली असत आणि वायरीच्या दोन्ही टोकांना बोटभर लांबीची टोपणं असत. त्यांना टर्मिनेटर म्हणत. एक टोपण निघालं की अख्खी वायर बोलेनाशी होई. साहेबांनी वायरीकडे पाहिलं, झाडूकडे पाहिलं आणि मामांकडे पाहिलं.

“मामा, सकाळी टेबल तुम्हीच सरकवलं ना?”

“सरकवलं साहेब. खाली कचरा होता बाप्पा. पण वायरले हात बी नाही लावला मी.”

“मग काय आपोआप बंद पडलं?”

“आता मले काय मालूम साहेब. मी त झाडू मारून राह्यलो होतो.”

साहेबांनी तिथल्या तिथे टायपिस्टबाईंना मेमो सांगितला. ‘शासकीय मालमत्तेची हानी’, ‘अक्षम्य निष्काळजीपणा’, सगळे ठेवणीतले शब्द. आणि ते मीटिंगला निघून गेले. मामा कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसले. बारा शिकलेली माणसं तिथे होती. त्यातल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. माझा कप तेव्हा भरलेला होता.

पोरगा मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. पण तो बोलणाऱ्यातलाही नव्हता. तो एका टर्मिनलपुढे बसला आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखा मला समजावू लागला. ते समजावणं मला इतकं आवडलं, की पुढे मी ते अनेक ठिकाणी स्वतःचं म्हणून सांगितलं.

“सर, आधी हे बघायचं, की अडकलं कुठे. नाव विचारणारी ओळच आली नाही तर टर्मिनल नाहीतर यंत्र बिघडलंय. पासवर्ड चुकला तर यंत्र तोंडावर सांगतं, की चुकला. इथे पासवर्ड चालला, संदेशही आला. म्हणजे गेटवरच्या चौकीदाराने आत सोडलं. अडकलंय ते घरात शिरताना.”

“म्हणजे वैनगंगा आटली?”

“बघू ना.”

त्याने स्वतःसाठी एक वेगळं नाव राखून ठेवलं होतं. त्या नावाचं घर तारेपलीकडे नव्हतं, त्याच यंत्राच्या पोटातल्या डिस्कवर होतं, आणि घरात सामान जवळजवळ नव्हतंच. तो त्या नावाने आत गेला. लगेच गेला! मग त्याने पिंग नावाची आज्ञा देऊन वैनगंगेला हाक मारली. उत्तर आलं, “वैनगंगा इज अलाइव्ह.” त्याने कन्हानला हाक मारली, वर्धेला मारली. सगळ्या नद्या वाहत होत्या.

“वायर तुटली असती तर एकीचीही ओ आली नसती,” पोरगा म्हणाला. “मामांनी काही नाही केलं सर.”

हे वाक्य मी मोठ्याने साऱ्या हॉलला ऐकवायला हवं होतं. मी म्हटलं, “हं, इंटरेस्टिंग.”

मग त्याने यंत्राला विचारलं, की बाबा रे, तू बाहेरून काय काय आणून आपलं म्हणून दाखवतोस? यादी आली. वैनगंगेवरची घरं तर होतीच, पण शेवटी एक ओळ होती, की सर्वांना लागणारे काही प्रोग्राम ‘नाग’ नावाच्या यंत्रावरून येतात. पोरग्याने नागाला हाक मारली. नागाने उत्तर दिलं नाही.

आता प्रश्न असा, की घर वैनगंगेवर आणि मेलाय नाग, तर घरात शिरायला अडचण का? त्याचं उत्तर असं. आम्ही वापरत होतो तो सी-शेल घरात पाऊल टाकल्याबरोबर एक चिठ्ठी वाचत असे. त्या चिठ्ठीत लिहिलेलं असे, की आज्ञा शोधायच्या तर कोणकोणत्या कपाटांत शोधायच्या. हा शेल मोठा टापटिपीचा. पुढे शोधाशोध नको म्हणून तो आधीच प्रत्येक कपाट उघडून आत काय आहे याची नोंद करून ठेवी. आता बाकीची कपाटं घरात आणि एक कपाट कामठीच्या मावशीकडे ठेवलेलं असेल, आणि मावशी फोन उचलत नसेल, तर माणूस उंबरठ्यावरच उभा राहणार. बाराच्या बारा जण मावशीच्या फोनवर खोळंबले होते.

“पण किती वेळ थांबणार? काही मर्यादा?” मी विचारलं.

“कायम थांबणार. हार्ड माउंट आहे ना सर.”

एनएफएसमध्ये वाट पाहण्याच्या दोन रीती आहेत. सॉफ्ट रीतीत यंत्र चारदोन वेळा विचारतं आणि मग कंटाळून ‘जमलं नाही’ म्हणतं. ऐकायला हे बरं वाटतं, पण मधेच सोडून दिल्याने एखादी फाइल अर्धीच लिहिली जाण्याची भीती असते. हार्ड रीतीत यंत्र सोडतच नाही. आधी सेकंदाहून कमी थांबून विचारतं, मग दुप्पट थांबून, मग त्याच्या दुप्पट, असं विचारतच राहतं. अशा अडकलेल्या कामाला ठार मारायची आज्ञा दिली तरी ते मरत नाही. साक्षात यमदूत आला तरी त्याला म्हणतं, “बसा, उत्तर येऊ द्या, मग निघू.”

“ते ठीक आहे,” मी म्हटलं, “पण हे प्रोग्राम सगळ्यांच्या चिठ्ठीत घातले कुणी?”

पोरग्याने माझ्याकडे फार आदराने पाहिलं. “तुम्हीच सर. तुमचे ते सांख्यिकीचे प्रोग्राम. सगळ्यांना मिळाले पाहिजेत असा तुमचा आग्रह होता.”

इथवर मला फक्त अवघडल्यासारखं वाटत होतं. खरी मजा पुढेच आहे. नाग हे यंत्र आहे कुठे, हे कुणालाच सांगता येईना. कचेरीतलं ते पहिलं यंत्र. नवी आली तेव्हा त्याला कुठेतरी अडगळीत ठेवलं, चांगली डिस्क फुकट कशाला घालवा म्हणून त्याच्यावर प्रोग्राम ठेवले, आणि मग ते इतकं निमूट चालत राहिलं की सगळे त्याला विसरले. निमूट चालणाऱ्यांचं आपल्याकडे असंच होतं. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९८७ साली एका पत्रात अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे, की जे यंत्र अस्तित्वात आहे हेही तुम्हाला ठाऊक नाही, ते बंद पडून तुमचं काम अडलं, की समजावं आपण जाळ्यात आहोत. लॅम्पोर्ट नागपूरला कधी आले होते का, मला ठाऊक नाही. पण आमची कचेरी त्यांनी पाहिल्यासारखी वाटते.

शेवटी पोरग्याने काळी वायर हातात धरली आणि तिच्या मागोमाग चालू लागला. मागे मी, माझ्या मागे मामा. वायर हॉलमधून निघाली, भिंतीच्या कडेने व्हरांड्यात आली. व्हरांड्यातून ती माझ्या खोलीच्या दिशेने वळली. मला जरा बरं वाटलं, कारण माझ्या खोलीत तर यंत्र नव्हतं. वायर माझी खोली ओलांडून पुढच्या अडगळीच्या खोलीत शिरली. आणि त्या क्षणी माझ्या पोटात जे गोळा उठलं, ते नवतपाच्या उन्हानेही कधी उठलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी साडेपाचला, सगळे गेल्यावर, मी माझ्या खोलीला कूलर लावला होता. घरचा जुना, सौ.ने ‘हा आता ऑफिसातच न्या’ म्हणून दिलेला. कूलरला मोठ्या पिनेचा सॉकेट लागतो. तसला एकच, आणि तो अडगळीच्या खोलीत. त्यात कसलीतरी पिन आधीच होती. तिची वायर जुन्या रजिस्टरांच्या ढिगामागे जात होती. मी मनाशी म्हटलं, अडगळीत काय चालू असणार? आणि पिन उपटली.

पोरग्याने रजिस्टरं बाजूला केली. मागे नाग होता. काळा पडलेला पडदा, अंगावर बोटभर धूळ. पोरग्याने सॉकेटकडे पाहिलं, कूलरच्या वायरीकडे पाहिलं, वायर कोणत्या खिडकीतून जाते ते पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे छताकडे पाहू लागला. मामा मात्र सरळ माझ्याकडे पाहत होते. काही बोलले नाहीत.

मी कूलरची पिन काढली, नागाची लावली. नाग जागा झाला. पण अवेळी वीज गेलेली, त्यामुळे तो आपली डिस्क पहिल्यापासून तपासत बसला. “वीस मिनिटं लागतील,” पोरगा म्हणाला.

ती वीस मिनिटं माझ्या नोकरीतली सगळ्यात लांब वीस मिनिटं. मी साहेबांच्या खोलीबाहेर उभा राहिलो. मीटिंग संपली. टायपिस्टबाई मेमोचे तीन कागद घेऊन सहीला आत चालल्या होत्या. मी त्यांच्या आधी शिरलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कूलर, पिन, चिठ्ठी, प्रोग्राम. साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे टर्मिनेटर पडला नव्हता?” त्यांच्या आवाजात खरोखरीचं दुःख होतं. त्यांनी मेमोचे कागद घेतले, फाडले, आणि मला म्हणाले, “हा मी तुमच्या नावाने पुन्हा टाइप करायला हवा. पण ‘कूलर’ला शासकीय प्रतिशब्द काय, हे बघावं लागेल.” तो प्रतिशब्द मी निवृत्त होईपर्यंत सापडला नाही.

मी हॉलमध्ये परतलो तेव्हा एक दृश्य दिसलं, ते मी विसरणार नाही. टर्मिनलांपुढे कुणीच नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये एकेका पडद्यावर, कुणी हात न लावता, आज्ञेचं ते चिन्ह उगवू लागलं. साडेदहापासून उंबरठ्यावर थांबलेली बारा माणसं एकामागून एक घरात जात होती.

हे होतं कसं, तेही पोरग्याने सांगितलं. एनएफएसचा सर्व्हर मुद्दामच बिनआठवणीचा केलेला होता. कुणी काय मागितलं, कुठवर वाचलं, याची तो काही नोंदच ठेवत नसे. मागणाऱ्याने दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. सरकारी खिडकीवर हा अनुभव आपण घेतोच, पण तिथे तो दुर्गुण असतो. इथे तो गुण ठरला. सर्व्हरला आठवणच नाही, तर मधे मरून परत उठला तरी त्याचं काही हरवत नाही. मागणारा तेच मागणं पुन्हा मागतो, आणि या खेपेला उत्तर मिळतं. पुढे २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीने सर्व्हरला स्मरणशक्ती दिली. २०१० साली ती सन कंपनीही ओरॅकलने विकत घेतली. पण फोनवर गोल फिरणारं चक्र दिसलं, की मी आजही मनाशी विचारतो, कुठल्या गावाच्या अडगळीत कुणी कूलर लावला असेल?

संध्याकाळी मी मामांकडे गेलो. म्हटलं, “मामा, चूक माझी होती. आणि सकाळी मी बोलायला हवं होतं, तेही बोललो नाही.”

मामा कपबशा विसळत होते. म्हणाले, “जाऊ द्या ना साहेब. गरमी काय कमी आहे का?” थोडं थांबून म्हणाले, “पण काढाच्या आधी पुसत जा.”

पुढच्या महिन्यात मामा कायम झाले. त्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, अडगळीच्या खोलीत त्या सॉकेटवर एक पुठ्ठा लटकलेला होता. मामांनी स्वतःच्या अक्षरात खडूने लिहिलं होतं: ‘येथे नाग आहे. हात लावू नये.’

त्यानंतर त्या पिनेला कुणीही हात लावला नाही. खरं तर त्या खोलीतच कुणी गेलं नाही.